मोतीचा न्हावी

माझ्या स्वतःच्या डोक्यासाठी न्हावी निवडण्याचा प्रसंग माझ्यावर आयुष्यात कधी आला नाही. लहानपणी अण्णा ज्यांच्याकडे घेऊन गेले त्यांच्यापुढे मान वाकवून बसलो, आणि ते थकल्यावर त्यांच्या मुलापुढे तीच मान वाकविली. आता तर डोक्यावर तक्रार करण्याइतके केसही उरलेले नाहीत. असा मी, पन्नाशी उलटल्यावर, एका कुत्र्यासाठी न्हावी शोधीत गुलबर्ग्याच्या रस्त्यांवरून दोन महिने हिंडलो असे सांगितले, तर माझे विद्यार्थी तोंडावर हात धरून हसतील. त्यांनी खुशाल हसावे. मलाही आरंभी हसूच आले होते.

कुत्र्याचे नाव मोती. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात त्यांपैकी तो एक. जाणकार लोक या कुत्र्यांना इंडियन स्पिट्झ म्हणतात. पांढराशुभ्र वर्ण, कोल्ह्यासारखे निमुळते तोंड, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी. वैशाखात जेथे पारा बेचाळीस अंशांवर जातो, त्या गावात असला केसाळ प्राणी पाळणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे, असे मला पुष्कळांनी ऐकविले आहे. आपल्याच कर्नाटकात मुधोळचा कुत्रा आहे. सडपातळ, लांब पायांचा, अंगाबरोबर बसणाऱ्या आखूड केसांचा. घोरपड्यांच्या संस्थानात त्याची जोपासना झाली, 2005 साली त्याचे चित्र टपालाच्या तिकिटावर आले, आणि पुढे सैन्यानेही त्याची पिल्ले शिकविण्यासाठी मेरठला नेली. त्याला ना फणी लागत, ना न्हावी. हे सारे खरे आहे. परंतु मोती आम्ही निवडून आणलेला नव्हता. शेजारच्या एका कुटुंबाची बदली झाली, त्यांना नव्या गावी कुत्रा नेता येईना, आणि ‘आठ दिवस ठेवून घ्या’ म्हणून ते जे पिल्लू ओसरीवर सोडून गेले, ते त्यानंतर नऊ वर्षे तेथेच आहे.

ओसरीवर आले ते थेट अण्णांच्या पायाशी. निवृत्त झालेल्या माणसाला कोणीतरी ऐकणारे लागते. आम्ही मुले नोकरीच्या घाईत, आई स्वयंपाकघरात. तेव्हा अण्णांचे सगळे ऐकून घेण्याचे काम मोतीकडे आले. रोज सकाळी पूजा आटोपली की अण्णा मागल्या अंगणात शहाबादी फरशीवर मांडी घालून बसत. कोनाड्यातली जुनी लाकडी फणी हातात घेत आणि मोतीला अर्धा तास विंचरीत. विंचरता विंचरता त्याला भीमेला किती पाणी आले ते सांगत, तुरीचा भाव सांगत, निवृत्तिवेतनाच्या कचेरीतील कारकुनाने काय उत्तर दिले तेही सांगत. मोती डोळे मिटून असे. एखादा गुंता लागला आणि त्याने मान वळवून पाहिले, की अण्णा फणी थांबवीत आणि म्हणत, “बरं, तो राहू दे. उद्या बघू.” ही गोष्ट मी शेकडो वेळा पाहिली. तिच्यात पाहण्यासारखे काही आहे असे मात्र मला तेव्हा वाटले नाही.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात अण्णा गेले. त्यानंतर मोतीने कोणालाही अंगावर फणी ठेवू दिली नाही. मी फणी घेतली की तो उठून जाई. पूर्वी दिवाळीच्या फटाक्यांना तेवढा भिणारा हा कुत्रा आता कुकरच्या शिट्टीला भिऊ लागला, दारावरच्या घंटेला भिऊ लागला, छत्री उघडली तरी पलंगाखाली शिरू लागला. आम्ही म्हटले, दुःख आहे, कमी होईल. दुःख कमी होईपर्यंत केस मात्र वाट पाहत नाहीत. या जातीच्या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत लोकरीसारखा मऊ थर, वर लांब राठ केस. आतली लोकर गळते, ती विंचरून काढली नाही तर वरच्या केसांत अडकते आणि तिच्या जटा होतात. कानांमागे, बगलांत, मांड्यांच्या मागे अशा जटा वळल्या. पावसाळा आला, त्या जटांत ओल राहू लागली, आणि श्रावणात एके दिवशी आई म्हणाली, “अरे, याच्या अंगाला वास येतोय.” पशुवैद्यांनी एक जट बाजूला करून दाखविली. खालची कातडी लाल झाली होती आणि एका ठिकाणी ओली होती. ते म्हणाले, “औषध देतो, पण या जटा निघाल्याशिवाय औषध पोहोचणार कोठे?”

मग मी जे केले ते लिहिताना लेखणी अडते. गावातील एका चकचकीत दुकानात मी मोतीला घेऊन गेलो. काचेच्या दारावर हसऱ्या कुत्र्यांची चित्रे होती, आत सुगंध दरवळत होता, आणि माझ्या मनात दुसरा कसलाही निकष नसल्यामुळे तेवढ्यावरच मी निर्धास्त झालो. गल्ल्यावरचा तरुण म्हणाला, “दोन तासांनी या.” मोती दारातच बसला होता. तो जांभया देत होता, जिभेने ओठ चाटीत होता, तोंड भिंतीकडे वळवीत होता. मला वाटले, कंटाळला आहे. साखळी ओढल्यावर तो गुरगुरला, तेव्हा चारचौघांत लाज वाटून मी त्याला “गप!” म्हणून दटावले आणि साखळी त्या तरुणाच्या हाती दिली. वास्तविक दटावावयाचे होते ते मला.

दोन तासांनी जो प्राणी माझ्या हाती आला तो सुवासिक होता. अर्ध्या जटा निघाल्या होत्या, उरलेल्या “चावतोय, साहेब” म्हणून तशाच होत्या. एक नख जिव्हाळीपर्यंत कापले गेले होते आणि त्यावर कापूस बांधला होता. अंग थरथरत होते. घरी आल्यावर तो अण्णांच्या पलंगाखाली गेला आणि तीन दिवस पाण्यापुरताच बाहेर आला. चौथ्या दिवशी, त्याच्या पंजाला मलम लावावे म्हणून मी पलंगाखाली हात घातला, आणि नऊ वर्षांत ज्याने कोणाला ओरखडा काढला नव्हता तो मोती मला कडकडून चावला. त्याला दरवर्षी लस दिलेली होती. तरीसुद्धा डॉक्टरांनी मला सोडले नाही. जखम साबणाने धुवावयास लावून त्यांनी इंजेक्शने सुरू केली. शाळेत हाताला पट्टी बांधून गेलो तेव्हा वर्गाने कारण विचारले. कुत्रा चावला, एवढेच मी सांगितले. कोणाचा, ते सांगितले नाही.

त्या आठवड्यात घरात एक सभा भरली. माझी आत्या आली होती. ती स्वभावाने कठोर नाही. उलट फारच देवभोळी आहे. ती म्हणाली, “त्याला गाणगापुरास सोडून ये. दत्तमहाराजांच्या दारात कुत्रं उपाशी राहत नाही.” गाणगापूर आमच्याच जिल्ह्यातले. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर स्नान करून, दुपारी माधुकरी मागून, त्यातला घास कुत्र्याला घालणारे भाविक मी लहानपणापासून पाहत आलो आहे. दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेद मानतात, हे आमच्याकडील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तेव्हा आत्याच्या बोलण्यात क्रूरपणा नव्हता, भक्तीच होती. परंतु नऊ वर्षे ओसरीवर निजलेला, कुकरच्या शिट्टीला घाबरणारा प्राणी त्या यात्रेच्या गर्दीत, गावच्या कुत्र्यांच्या टोळीत किती दिवस टिकेल, याचा हिशेब मला करता येत होता. पाळलेल्या जनावराला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने अपराधही आहे. मी तसे म्हणालो. आत्या म्हणाली, “कायदा चावत नाही, हा चावतो.” यावर मजजवळ उत्तर नव्हते. आई इतका वेळ गप्प होती. ती उठून आत जाता जाता एवढेच म्हणाली, “त्यांची फणी अजून कोनाड्यात आहे.”

बीदरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी शिकते. पूर्वी बीदरहून येणे म्हणजे बसचा कंटाळवाणा प्रवास; 2017 साली बीदर-कलबुर्गी लोहमार्ग पुरा झाल्यापासून ती आगगाडीने येते. गणपतीसाठी ती घरी आली असता मी तिला गाठले. सारी हकिकत ऐकून तिने पहिलाच प्रश्न विचारला, “सर, दुकानात जाण्यापूर्वी तो जांभया देत होता का?” मी चकित झालो. मग ती म्हणाली, “सर, तो तुम्हांला सांगत होता.”

झोप आलेली नसताना जांभई, समोर अन्न नसताना ओठ चाटणे, तोंड फिरविणे, डोळ्यांतला पांढरा भाग दिसेल असे तिरपे पाहणे, एक पंजा उचलून धरणे. ही सारी कुत्र्याची ‘नको’ म्हणण्याची भाषा आहे. ती कोणी ऐकली नाही तर तो गुरगुरतो. गुरगुरणे हा उद्धटपणा नसून शेवटची ताकीद असते. ती ताकीद दिल्याबद्दल त्याला दटावले, तर तो पुढच्या वेळी ताकीद देण्याचे सोडून देतो आणि एकदम चावतो. तिने हे अगदी सौम्य स्वरात सांगितले. वर्गात मी तिला कित्येकदा याहून मोठ्या आवाजात बोललो असेन. ती पुढे म्हणाली की, जनावराला कमीत कमी ताण देऊन हाताळावे कसे, यावर सोफिया यिन नावाच्या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी 2009 साली एक मोठा ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून पुष्कळ पशुवैद्य व कुत्र्यांचे केस कापणारेही ती रीत शिकू लागले आहेत. “गुलबर्ग्यात तशी पाटी कोणी लावलेली नसेल, सर. पाटी पाहू नका. मोतीला घरी ठेवा आणि तुम्ही एकटे जाऊन पाहा.”

मी एकटा गेलो. मुलीसाठी स्थळ पाहावयास निघालेल्या बापाप्रमाणे मी संशयी मुद्रेने तीन ठिकाणी गेलो.

पहिल्या ठिकाणी मला दाराच्या आत घेतलेच नाही. “मालक दिसला की कुत्रे जास्त नखरे करतात,” असे उत्तर मिळाले. यात काही तथ्य आहे, हे कबूल केले पाहिजे. काही कुत्री मालक नजरेआड झाल्यावरच शांत उभी राहतात, हे मी पुढे स्वतः पाहिले. परंतु मालक आत नको असेल तर निदान एक काचेची खिडकी असावी. जेथे खिडकीही नाही, तेथे आत काय चालते ते फक्त कुत्र्यालाच ठाऊक, आणि तो साक्ष देऊ शकत नाही.

दुसऱ्या ठिकाणी माणसे भली होती. एक बाई एका म्हाताऱ्या कुत्र्याला मांडीवर घेऊन पुशीत होत्या. पण खोली एकच, आणि तीत पिंजऱ्यांची रांग. एका वेळी सहा-सात कुत्री, त्यांतली चार भुंकत होती, दोन ड्रायर घोंगावत होते. आपल्या कानाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला चाळीस हजारांच्याही पलीकडचा येतो. म्हणजे जो गोंगाट मला असह्य झाला त्यात मोतीला आणखी काय काय ऐकू आले असते, याची कल्पनाच करावी. शिवाय पिंजऱ्याला गरम वाऱ्याचे यंत्र लावून निघून जाणे हे आमच्या हवेत धोक्याचे आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर घालवितो. बंद पिंजऱ्यात ती जाणार कोठे? मी त्या बाईंना विचारले, “एखादा कुत्रा ऐकेनाच, तर काय करता?” त्या सहज म्हणाल्या, “अर्धी गोळी देतो.” गोळी कोणती, किती, कोणी सांगितली, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. माझ्या विद्यार्थिनीने मला आधीच बजावले होते की, असे औषध द्यावयाचे तर ते कुत्र्याला तपासलेल्या पशुवैद्यानेच द्यावे. काही औषधांनी अंग सुस्त पडते, पण भीती आत तशीच जागी राहते. मग प्राणी शांत दिसतो, एवढेच. मी बाईंचे आभार मानून बाहेर पडलो.

तिसरे ठिकाण मला माझ्याच नववीच्या वर्गातील एका मुलाने सांगितले. त्याच्या वहीत शुद्धलेखनाच्या चुका असतात, परंतु कुत्र्यांविषयी त्याचे ज्ञान पक्के आहे. तेथे दर्शनी असे काहीच नव्हते. एका घराचा पुढला भाग, पत्र्याची सावली, आत एक खोली. काम करणारा गृहस्थ चाळिशीचा, पूर्वी हैदराबादेत याच धंद्यात होता, बोली दखनी. मी आत पाऊल टाकले आणि माझी नजर प्रथम जमिनीवर गेली. जमिनीवर शहाबादी फरशी होती.

येथे मला थोडे थांबले पाहिजे. शहाबाद आमच्या जिल्ह्यातले. तेथल्या खाणींतून थराथराने निघणारा हा चुनखडीचा दगड महाराष्ट्रापर्यंत घरोघरी पोहोचला आहे. हल्ली त्याला कोणी विचारीत नाही. ज्याला त्याला आरशासारखी चकचकीत टाइल हवी. तथापि न घासलेल्या शहाबादीवर एक खरखर असते, तिच्यावर ओला पायही चटकन निसटत नाही. पहिल्या, त्या सुगंधी दुकानात पोलादी टेबल होते. कुत्र्याच्या पंजाला गुळगुळीत पोलादावर धरावयास काही मिळत नाही. पाय सरकू लागले की तो नखे रोवू पाहतो, नखे रोवली जात नाहीत, अंग ताठ होते; मग लोक म्हणतात, हा अडेल आहे. फणी आणि कात्री पुढची गोष्ट. भीती पहिल्यांदा पायांतून वर चढते. हे मला त्या फरशीवर उभे असताना समजले, आणि अण्णा इतकी वर्षे मोतीला घेऊन मागल्या अंगणातच का बसत, ओसरीवरच्या नव्या टाइलवर का बसत नसत, तेही समजले. त्यांनी हे मुद्दाम केले होते की सवयीने, ते आता विचारता येत नाही.

त्या गृहस्थाकडेही टेबल होते; त्यावर जाड रबराची चटई होती. परंतु तो म्हणाला की, घाबरणारा कुत्रा असेल तर तो त्याला टेबलावर घेतच नाही, स्वतःच खाली बसतो. एका वेळी एकच कुत्रा. दुसरा आला तर तो बाहेर सावलीत थांबणार. लशीचा दाखला असल्याशिवाय कोणाला हात लावणार नाही, असे त्याने आरंभीच सांगितले, आणि ते मला आवडले. ‘कुत्रा ऐकेना तर काय?’ हा माझा प्रश्न त्याला नीट कळलाच नाही. दोनदा विचारल्यावर तो म्हणाला, “तो फिर उस दिन छोड देना, सर. और क्या?” मग त्यानेच मला प्रश्न विचारावयास सुरुवात केली. कानाला हात लावलेला चालतो का? कोणत्या आवाजाला भितो? पूर्वी कोण विंचरीत असे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना माझा आवाज जरा बिघडला. त्याने दुसरीकडे पाहिले आणि मशीनला तेल घालू लागला.

मी म्हणालो, “उन्हाळा येतो, सगळे केस काढूनच टाकले तर?” त्याने मान हलविली. दुहेरी केसांच्या कुत्र्याचे केस मुळापासून उतरविले, तर ते पुन्हा नीट येतीलच असे नाही. कधी कधी महिनोन्‌महिने टक्कल राहते. शिवाय ती लोकर स्वच्छ आणि मोकळी असेल तर उन्हापासून कातडीचा बचावही करते. जखमेभोवतीचे केस पशुवैद्यांनी काढावेत, बाकीचे तो सोडवील. आणि एक अट: जटा सुटेपर्यंत आंघोळ नाही. पाणी लागले की जट आवळते. मला माझ्या पहिल्या दुकानाची आठवण झाली. तेथे आधी साबण लागला होता.

पुढचे पाच रविवार कसे गेले, ते पाहून माझ्या घरच्यांची करमणूक झाली. पहिल्या रविवारी मोती दाराच्या बाहेरच थांबला. त्या गृहस्थाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. पाठ करून बसला आणि मागच्या मागे उकडलेल्या कोंबडीचा एक एक तुकडा टाकीत राहिला. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. आईला मी सांगितले की त्याला ‘खाऊ’ देतात. कसला, ते तिने विचारले नाही, आणि मोतीच्या तोंडाचा वास तिने ओळखला असला तरी बोलून दाखविला नाही. दुसऱ्या रविवारी मोती आत गेला, फरशी हुंगली, बाहेर आला. तिसऱ्या रविवारी मागल्या खोलीत मशीन चालू करून दार लोटून ठेवले होते. आवाज अगदी बारीक. आवाज सुरू झाला की तुकडा, आवाज थांबला की तुकडा बंद.

हे पाहताना मला आमच्या पुस्तकातील पावलोव्ह आठवला. घंटा वाजली की लाळ, एवढे उत्तर मुले पाठ करतात आणि पूर्ण गुण मिळवितात, मीही देतो. पण त्याच विद्येची दुसरी एक गोष्ट पुस्तकात नाही, ती सांगतो. मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी 1924 साली न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांच्या एका मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाला सशाची विलक्षण भीती होती. बाईंनी त्याला समजावले नाही, दटावले नाही. तो आवडीचे खात असताना ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला पिंजऱ्यात ठेवला, आणि मूल रडणार नाही अशा बेताने तो थोडा थोडा जवळ आणीत गेल्या. शेवटी मुलगा सशाला कुरवाळू लागला. आमच्या त्या दखनी बोलणाऱ्या गृहस्थाने हे नाव ऐकलेले नव्हते. तुकड्यांचे गणित मात्र तो चुकत नव्हता.

भाषेची एक गंमत झाली. मोतीला मराठी कळते, दूधवाल्यामुळे थोडी कानडीही कळते. ‘नको’ हा शब्द त्याच्या लेखी मनाईचा, चपलेकडे तोंड गेले की अण्णा “नको!” म्हणत. आणि दखनीत तर हाच आपला शब्द पदोपदी येतो. तो गृहस्थ प्रेमाने म्हणाला, “डरो नक्को, बेटा,” की मोती दचकून मागे सरे, आपण काय अपराध केला म्हणून पाहू लागे. हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा तो मोठ्याने हसला, आणि त्यानंतर ‘बेटा’ एवढेच म्हणू लागला.

चौथ्या रविवारी मी अण्णांची फणी बरोबर नेली. ती आईनेच माझ्या पिशवीत ठेवली होती. जटा सोडविण्याच्या कामी ती निरुपयोगी आहे, हे त्याने पाहताक्षणीच ओळखले. पण परत केली नाही. फरशीवर ठेवली. मोती आला, त्याने फणी हुंगली, पुष्कळ वेळ हुंगली, आणि तिच्याशेजारी अंग टाकले. त्या दिवशी त्याच्या मानेवरून, जेथे गुंता मुळीच नव्हता तेथून, ती फणी पाच-सहा वेळा फिरली. तेवढ्यावर दुकान बंद झाले. घेतले दीडशे रुपये. पाच-सहा वेळा फणी फिरविण्याचे दीडशे रुपये, असे माझ्यातला हिशेबी माणूस कुरकुरला. पण सुगंधी दुकानाला मी याच्या चौपट देऊन आलो होतो.

पाचव्या रविवारी जटांना हात लागला. प्रथम बोटांनी ती जट पिसासारखी विलग करावयाची. विलग होत नसेल तर कातडी आणि जट यांच्यामध्ये फणी सरकवावयाची आणि फणीच्या वरच्या अंगाने कात्री चालवावयाची, म्हणजे पाते कातडीला लागत नाही. मऊ कापडाचे मुसके जवळ होते. त्याने ते आधी स्वतःच्या मनगटावर घालून दाखविले, मग त्यात तुकडा ठेवून मोतीसमोर धरले. मोतीने आपण होऊन तोंड घातले. एक जट सुटली. दुसरी सुटली. उजव्या कानामागची, उजव्या बगलेतली, उजव्या मांडीची. मी घड्याळाकडे पाहत होतो. चाळीस मिनिटे झाली होती, आणि या वेगाने आज सारे आटोपेल असा माझा अंदाज होता. मग तो मोतीला वळवून डाव्या अंगाला आला. मोतीने जांभई दिली.

मी काही बोललो नाही. पण ती जांभई या खेपेला मलाही दिसली होती. त्या गृहस्थाने कात्री खाली ठेवली, मुसके काढले, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि म्हणाला, “आज इतनाच, सर.”

तेव्हा उजवीकडून हिमासारखा पांढरा, फुललेला, आणि डावीकडून जुन्या कांबळ्यासारखा, असा कुत्रा घेऊन मी भर दुपारी घरी निघालो. रिक्षावाल्याने एकदा मागे वळून पाहिले, चौकात दोन मुले हसली. त्यांतला एक आपल्याच शाळेचा होता, त्याने मला नमस्कारही केला. आई दारात उभी होती. तिने मोतीला एका बाजूने पाहिले, मग दुसऱ्या बाजूने पाहिले. “अर्धाच?” तिने विचारले.

मी म्हणालो, “उरलेला पुढच्या रविवारी.”

मोती मागल्या अंगणात गेला आणि शहाबादी फरशीवर, अण्णा बसत त्या जागेच्या जरा पलीकडे, डावे अंग खाली घालून पडला. थोड्या वेळाने आईने माझ्या पिशवीतून फणी काढून घेतली, पदराने पुसली, आणि ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. फणी तिने मांडीवरच ठेवली, त्याला लावली नाही. स्वयंपाकघरातून मला तिचा आवाज ऐकू येत होता. बाजारात तुरीचा भाव काय झाला आहे, ते ती त्याला सांगत होती.